एका शिक्क्यासाठी चेन्नईला

आम्हा निपाणीकरांना दोनच दिशा ठाऊक. एकीकडे कोल्हापूर, दुसरीकडे बेळगाव. दुखणं काढलं की कोल्हापूर, सरकारी काम निघालं की बेळगाव. आमचे हे आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत हिशेबाला होते, त्यामुळे लांबचा प्रवास म्हणजे फार तर पंढरपूर नाहीतर सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेहून आलेली थोरली म्हणाली, "आई, चेन्नईला येतीस माझ्याबरोबर?" तेव्हा मी आधी भिंतीवरच्या नकाशात चेन्नई कुठं आहे ते बघितलं.

काम होतं शिक्क्याचं. थोरली तिकडे एच-वन-बी व्हिसावर नोकरी करते. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या तिच्या व्हिसाची मुदत २०१२ च्या दिवाळीआधीच संपली होती. तो नवा करून घेतल्याशिवाय तिला परत जाता येणार नव्हतं. तसा तो आता छापील कागद असतो, पण सगळे त्याला 'स्टँपिंग' म्हणतात आणि आमच्या घरात त्याला शिक्का म्हणतात. मराठीत शिक्का आणि कन्नडमध्येही शिक्काच. आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरात ही मोठी सोय. सासर मराठी, माहेर संकेश्वरचं कन्नड. निम्मे शब्द इकडचे, निम्मे तिकडचे, आणि काही दोन्हीकडचे.

पण सोयीच्या या शब्दानंच आमच्या घरात दीड वर्ष अबोला धरला होता. तो कसा, ते आधी सांगते.

२०१३ च्या आषाढात माझी आई, म्हणजे आमची अव्वा, संकेश्वरात अंथरुणाला खिळली. थोरली तिची लाडकी. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली की थोरली संकेश्वरला, ती शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत. कन्नड बोलायला ती अव्वाच्या मांडीवरच शिकली. आजारपणात फोन आला की अव्वा एकच विचारायची, "यावाग बर्ती?" कधी येतेस? आणि थोरली म्हणायची, "शिक्का नाही गं अव्वा." अव्वाला वाटायचं, कचेरीत जाऊन मारून घ्यायचा तो शिक्का. पुढच्या फोनला ती विचारायची, "शिक्का होडद्रेन?" मारला का शिक्का?

श्रावणात अव्वा गेली. थोरली आली नाही. बाराव्याच्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुला शिक्का मोठा का अव्वा?" तिकडून काही उत्तर आलं नाही. फोन ठेवल्याचा आवाज आला तेवढाच. नंतर फोन होत राहिले, नातवाच्या दातांविषयी आणि पावसाविषयी बोलणं होत राहिलं. अव्वाचं नाव मात्र दोघींपैकी कुणीच काढलं नाही.

डिसेंबर २०१४ च्या शेवटी ती एकटीच आली. दोन वर्षांच्या मुलाला बापाजवळ ठेवून. निपाणीला येण्याआधी गाडी संकेश्वरात थांबवायला लावली. मामाच्या घरी गेली, अव्वाच्या खोलीत बसली. मी दारात उभी होते. आत जावं का नको, कळेना. शेवटी तिची मामी चहा घेऊन आत गेली.

मग कागदपत्रं जमवणं सुरू झालं. नवऱ्याचं नाव, माहेरचं नाव, आजवरच्या नोकऱ्या, कंपनीचं पत्र, पगाराच्या पावत्या, तिकडच्या सरकारनं मुदत वाढवून दिल्याचा मंजुरीचा कागद. फॉर्म इंटरनेटवर भरायचा. त्यात जन्मगाव विचारलेलं. ती थांबली. तिचा जन्म बेळगावच्या दवाखान्यातला, १९८४ चा, आणि पासपोर्टावर छापलेलं 'बेलगाम'. पण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी गावाचं नाव 'बेळगावी' झालेलं. त्या दिवशी राज्यातल्या बारा शहरांची नावं बदलली. बंगळूरचं बेंगळूरु, हुबळीचं हुब्बळ्ळी, म्हैसूरचं मैसूरु. फॉर्मात काय लिहायचं? घरात दोन तास चर्चा. धाकटा म्हणाला, नवं लिही. हे म्हणाले, जुनं लिही. अखेर सरळ नियम कळला. पासपोर्टात जे आहे तेच अक्षरन् अक्षर उतरवायचं. गाव आपलं असलं तरी नाव पासपोर्टाचं. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आमचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूरचं कर्नाटक झालं. माझ्या सासूबाई एकाच घरात राहून तीन राज्यांत नांदल्या.

आणि चेन्नईच का? तर अमेरिकी वकिलातींनी भारताची वाटणी करून घेतलेली. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वकिलातीकडे, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू चेन्नईकडे. म्हणजे कागलचा मुलगा मुंबईचा आणि निपाणीची मुलगी चेन्नईची, मधे अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. पुढे भारतात कुठूनही अर्ज करता येऊ लागला, पण आम्हाला तारीख चेन्नईची मिळाली होती.

बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली. गाडीला नाव चन्नम्मा राणीचं, पण राणीच्या कित्तूरला रेल्वे नाही. गाडी खानापूर, लोंढा असा जंगलातून वळसा घालून धारवाड, हुबळीला जाते. सोबत दशम्या, शेंगाची चटणी, संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि संक्रांत नुकतीच झालेली म्हणून तिळगुळाचा डबा. धारवाडला पेढे आले. थोरलीनं पाव किलो घेतले आणि एकही खाल्ला नाही. दिवे मालवल्यावर खालच्या बर्थवर आम्ही दोघी टेकून बसलो होतो. तेव्हा ती आपणहून बोलली.

"आई, त्या वेळी बॅग भरली होती मी."

मी गप्प राहिले.

मग तिनं मला व्हिसा म्हणजे काय ते समजावलं. बारा वर्षं पोरगी परदेशात होती, आणि मला ते तोवर ठाऊक नव्हतं. आपल्याला वाटतं, व्हिसा म्हणजे तिथं राहायचा परवाना. तसं नाही. व्हिसा हा फक्त दारातून आत जायचा परवाना. आत किती दिवस राहायचं आणि काय काम करायचं, तो कागद वेगळा, आणि तो तिकडच्या तिकडे वाढवून मिळतो. तिला तो मिळाला होता. म्हणजे राहणं कायदेशीर, नोकरी कायदेशीर, कर भरणंही सुरळीत. फक्त दाराबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा आत यायला नवा शिक्का हवा, आणि तो शिक्का अमेरिकेत मिळत नाही. त्यासाठी बाहेरच्या देशातल्या अमेरिकी वकिलातीतच जावं लागतं.

मला लगेच आमच्या शेजारच्या इमारतीतलं लॅचचं दार आठवलं. घर आपलं, भाडं चुकतं केलेलं, आत गॅसवर दूध. आपण कचरा टाकायला बाहेर येतो आणि वाऱ्यानं दार ओढलं जातं. किल्ली आत. घर आपलं नाही असं कुणीच म्हणत नाही, पण आपण बाहेर.

"बाळ आठ महिन्यांचं होतं," ती म्हणाली. "अंगावर पीत होतं. आणि त्याच्या बाबांचा व्हिसा माझ्या व्हिसावर अवलंबून." जावईबापू तेव्हा एच-फोर म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर होते. त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे. त्यातल्या काही जणांना कामाची परवानगी मिळायला लागली ती २०१५ च्या मे महिन्यापासून. म्हणजे घरात पगार एकटीचा. मुलाखतीत साहेबाला काही शंका आली, तर तो २२१-जी नावाच्या कलमाची चिठ्ठी देतो. म्हणजे नकार नाही आणि होकारही नाही, चौकशी चालू. कुणाची चार दिवसांत संपते, कुणाची चार महिन्यांत. तोवर माणूस इकडे अडकलेला. अडकली तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर तिघांचंही तिथलं राहणं जाईल. "रात्री दोन वाजेपर्यंत हिशेब करत बसलो आम्ही. सकाळी मी बॅग रिकामी केली. मग तुझा फोन आला, अव्वा गेली म्हणून."

गाडी हुबळीला बराच वेळ थांबली होती. फलाटावर चहावाला ओरडत होता. मी तिचा हात हातात घेतला. माफी मागायची आपल्याकडे आईला सवय नसते. मी एवढंच म्हणाले, "मला सांगायचं होतंस." ती म्हणाली, "तू विचारलं नव्हतंस."

सकाळी बंगळूर. स्टेशनबाहेर मॅजेस्टिकच्या गर्दीत माझी कन्नड ऐकून रिक्षावाला हसला. "हुबळी कडेवरा?" हुबळीकडच्या का? आमचं उत्तर कर्नाटकी कन्नड तिकडे लगेच ओळखू येतं. दुपारच्या गाडीनं पुढे निघालो. कुप्पमजवळ गाडी थोडा वेळ आंध्रातून जाते, मग जोलारपेट, काटपाडी. स्टेशनांवरच्या पाट्यांची अक्षरं बदलत गेली. बेळगावात बसताना मी पाटी वाचू शकत होते, बंगळुरातही वाचू शकत होते. काटपाडीच्या पुढे मला फक्त इंग्रजी आणि हिंदी उरली. निपाणीत भाषांवरून आपण किती बोलतो! इथं मला दोन भाषा येत होत्या आणि दोन्ही कामाच्या नव्हत्या. उपाशी मात्र राहिले नाही. इडली सगळ्या भाषांत इडलीच.

चेन्नईत दोन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी एका केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो. बोटांच्या ठशांमुळंच तर हे सगळं लांबलं, हे मला तिथं कळलं. २००४ च्या जुलैपर्यंत अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांना पासपोर्ट टपालानं तिथल्याच सरकारी खात्याकडे पाठवून शिक्का नवा करून घेता येत असे. २००१ च्या हल्ल्यांनंतर कायदा आला, व्हिसाला ठसे लागू लागले, आणि ठसे काही पाकिटात घालून पाठवता येत नाहीत. टपालाची सोय बंद झाली. थोरली तिकडे शिकायला गेली ती २००३ ला. तिला नोकरी लागेपर्यंत ती सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलाखत. काहींना तेव्हा मुलाखतीशिवाय नुसते कागद टाकून शिक्का मिळत असे, पण हिला बोलावणं होतं. अण्णा सालै, म्हणजे जुना माउंट रोड, आणि कॅथीड्रल रोड मिळतात तिथं जेमिनी पुलाच्या कडेला वकिलातीची पांढरट इमारत आहे. १९६९ पासून वकिलात तिथं आहे. पूल नंतरचा, १९७३ चा. पुलाला जेमिनी हे नाव शेजारच्या जेमिनी स्टुडिओवरून पडलं. सकाळी साडेसातलाच रस्त्याकडेला रांग. फोन नाही, पिशवी नाही, चावीसुद्धा नको. हातात फक्त कागदांची पारदर्शक फाइल. मुलं-मुली इस्त्रीचे कपडे घालून, दहावीच्या परीक्षेला आल्यासारखी. सोबत आलेले आई-बाप रस्त्यापलीकडे. थोरली आत जाताना मी सवयीनं तिच्या हातावर दही-साखर ठेवायला गेले आणि मग आठवलं, दही कुठलं, डब्यात तिळगूळ आहे. तोच दिला.

आत गेली आणि मी उरले. तिचा फोन, माझा फोन, दोघींच्या पिशव्या आणि पाण्याची बाटली सांभाळत. समोर कॅथीड्रल रोडला लागून एक बाग आहे, शेम्मोळी पूंगा. पूर्वी तिथं वुडलँड्सवाल्यांचं प्रसिद्ध ड्राइव्ह-इन हॉटेल होतं. ते २००८ ला बंद झालं आणि २०१० ला ही बाग उघडली. शेम्मोळी म्हणजे अभिजात भाषा. तमिळला तो मान २००४ ला मिळाला, आपल्या कन्नडला २००८ ला. मराठीला मिळायला ऑक्टोबर २०२४ उजाडावं लागलं. त्या दिवशी मला या नावाचा अर्थ माहीत नव्हता. बाग उघडल्यावर मी आत जाऊन झाडाखालच्या बाकावर बसले एवढंच.

शेजारी धोतर-कोट घातलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. मी फोनवर यांच्याशी बोलताना मधेच कन्नडमध्ये "हौद्री" म्हणाले, तसे ते वळले. "निम्मदू यावूर्री?"

"निप्पाणि री," मी म्हणाले. निपाणीला कन्नडमध्ये निप्पाणि म्हणतात हे वाचकांना सांगायला नको.

ते हुबळीचे. मुलगा आत गेलेला. तिसऱ्यांदा शिक्का नवा करत होता. एच-वन-बी एका वेळी तीन वर्षांचा, दोन वेळा मिळून सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला असेल तर त्यानंतरही वाढत राहतो. आणि ग्रीन कार्डात एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. एच-वन-बी मिळणाऱ्या दहांत सात जण भारतीय, मग रांग लांबणारच. गृहस्थ म्हणाले, "मुलगा पहिल्यांदा इथं आला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. आता त्याच्या मुलीची मुंज असती तर तीही आली असती जवळ." आणि स्वतःच हसले. मी डबा उघडला. त्यांनी तिळगूळ घेतला आणि आमच्याकडच्यासारखंच म्हणाले, एळ्ळ-बेल्ल खा, गोड बोला. दोन्हीकडे संक्रांतीला हेच सांगतात. माझ्या घशात तिळगूळ अडकला. बाराव्याच्या दिवशी फोनवर मी काय बोलले होते, ते आठवलं.

साडेदहाच्या सुमारास थोरली रस्ता ओलांडताना दिसली. हातात फाइल होती, पासपोर्ट नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. हुबळीचे गृहस्थ म्हणाले, "भ्या पडबॅड्री. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काम झालं." घाबरू नका. आणि तसंच होतं. दोन तास रांग आणि चार मिनिटं मुलाखत. कुठल्या कंपनीत, काय काम, किती वर्षं. एवढंच विचारलं. बेलगाम का बेळगावी, ते कुणीही विचारलं नाही.

थोरलीनं फोन घेतला आणि आधी अमेरिकेला लावला. तिकडे रात्र होती, पण जावईबापू जागेच होते. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "होडद्रवा, अव्वा." मारला शिक्का. हे ती मला म्हणत नव्हती हे मला कळलं. बाकावर बसून आम्ही दोघी रडलो, आणि मग धारवाडचे पेढे काढले. चार पेढे हुबळीच्या गृहस्थांना दिले. त्यांचा मुलगा अजून आतच होता.

पासपोर्ट परत घ्यायला बंगळूरचं केंद्र निवडलं होतं. चार दिवसांनी तो हातात आला आणि आठवड्याभरात ती परत गेली. तेव्हापासून तिनं एक नियम केला. मुदत संपायची वाट बघायची नाही. घरात सगळे धडधाकट असताना, सणासुदीला येतानाच शिक्का नवा करून घ्यायचा. त्यामुळं पुढे यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा ती तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात उभी होती. शिक्का ताजा होता.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे, आमच्या गल्लीतल्या आणि संकेश्वर, चिकोडी, बेळगावच्या कितीतरी घरांत सध्या तीच काळजी आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनात वकिलातींचं नेहमीचं काम थांबलं, तेव्हा लोक तिकडे अडकले. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेनं वीस हजार जणांपुरता, तिकडच्या तिकडे शिक्का नवा करून देण्याचा प्रयोग केला. लोकांना वाटलं, वीस वर्षांनी सुटलो. पण तो प्रयोग तेवढ्यावरच राहिला. १७ जानेवारी २०२५ ला बंगळुरात अमेरिकेच्या वकिलातीचं उद्घाटन झालं तेव्हा आम्ही पुन्हा आशेनं बघितलं. मात्र व्हिसाचं काम तिथं त्या वेळी सुरू झालं नाही.

त्याच वर्षी नियम एकामागून एक कडक झाले. २ सप्टेंबरपासून मुलाखतीशिवाय मिळणारा शिक्का एच-वन-बीवाल्यांना बंद. त्याच आठवड्यात हुकूम आला की शिक्का आपल्या देशातच, नाहीतर जिथं राहता त्या देशातच घ्यायचा. त्याआधी काही जण कॅनडात नाहीतर मेक्सिकोत जाऊन घेत असत. मेक्सिकोतलं तिहुआना किंवा सिउदाद हुआरेस ही अगदी सीमेला लागलेली गावं, आपल्या निपाणी-कागलसारखी. तो रस्ता मिटला. मग १९ सप्टेंबरला नव्या अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याची घोषणा झाली. तेव्हा सर्वपित्रीला घरी आलेली मुलं जेवण न करता विमानतळावर पळाली. ती रक्कम नव्या अर्जांना आहे, जुन्यांच्या नूतनीकरणाला नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून अर्जदारांची इंटरनेटवरची खातीही तपासायला सुरुवात झाली. त्यामुळं भारतातल्या कितीतरी मुलाखती डिसेंबरच्या थेट मार्चमध्ये आणि त्याहून पुढे ढकलल्या गेल्या. लग्नाला आलेली माणसं इकडे, त्यांची घरं आणि मुलं तिकडे.

आपण सीमेवरची माणसं. नाक्यावर थांबवणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे तपासणीचा अहवाल मागत होते. कागलची लेक निपाणीच्या माहेराला यायची तर अहवाल हवा. तेव्हा तिला कुणी म्हणालं नाही की, तुला अहवाल मोठा का आई? कारण नाका आपल्या डोळ्यांपुढं होता. चेन्नईचा नाका मी डोळ्यांनी बघेपर्यंत मला तो दिसत नव्हता.

म्हणून ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना माझं सांगणं आहे. पासपोर्ट किती सालापर्यंत आहे हे आपण विचारतो, तसंच शिक्का किती तारखेपर्यंत आहे हेही विचारा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरातलं म्हातारं माणूस हिंडतं-फिरतं आहे तोवरच मुलांना शिक्क्यासाठी बोलवा, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं होतात. येताना मुदतवाढीचा मंजुरीचा कागद आणि नोकरीचं पत्र सोबत असू द्या, आणि नावगाव पासपोर्टात आहे तसंच लिहा. आणि एवढं करूनही एखाद्या वेळी लेकरू आलं नाही, तर फोनवर आधी विचारा की काय अडलंय. बोलणं नंतर आहेच.

माझ्याकडून ते राहून गेलं. गेल्या महिन्यात थोरलीचा फोन आला, तारीख पुढं गेली म्हणाली. शेजारची बाई म्हणाली, "यंदाबी येत नाही व्हय तुमची पोरगी?" मी म्हणाले, "येईल की. शिक्का मारून घेतला की येईल." आणि फोनवर थोरलीला हल्ली मीच विचारते, अव्वा विचारायची तसं, "शिक्का होडद्रेन?"